श्रेय कुणाचं, खापर कुणाच्या माथी

ओहायोत राहणाऱ्या माणसाला दर चार वर्षांनी फुकटचं महत्त्व यायचं. यायचं म्हणतोय कारण आता येत नाही, आता तो सगळा तमाशा पेन्सिल्व्हेनिया आणि जॉर्जियाकडे गेला, पण २०१२ साली आम्ही एकदम फॉर्मात होतो. १९६४ पासून ओहायोनं ज्याला निवडलं तोच प्रेसिडेंट झालेला, आणि ओहायो हरून एकही रिपब्लिकन कधी व्हाइट हाउसला पोचलेला नाही, त्यामुळे ओबामाला पुन्हा चार वर्षं द्यायची का हे जणू आमच्याच स्वयंपाकघरात ठरणार होतं. सप्टेंबरपासून घरचा फोन उचलायची सोय राहिली नाही. जेवायला बसलं की रोबोकॉल, भांडी घासायला घेतली की रोबोकॉल, शनिवारी सकाळी दारावर क्लिपबोर्ड घेतलेली कॉलेजची पोरं. आणि टीव्हीवर तर जाहिरातींच्या मधे मधे बातम्या लागायच्या असं म्हणायला हरकत नाही.

त्या वर्षी आई सांगलीहून आली होती, सहा महिन्यांसाठी, जशा सगळ्यांच्या आया येतात तशी. दुपारी घरी एकटीच, त्यामुळे टीव्ही चालू. इंग्रजी तिला बऱ्यापैकी कळतं, पण त्या जाहिरातींच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी उमेदवार स्वतः येऊन मी या मेसेजला मंजुरी दिली आहे असं जे म्हणतो ना, त्यानं ती हैराण झाली होती. "काय रे, हे दोघंबी सारखं अप्रूव्ह अप्रूव्ह काय करत असतात? पैसा त्याचा, जाहिरात त्याची, मंजुरी दुसरं कोण देणार?" मी सांगितलं की २००२ पासून तसा कायदाच आहे, चिखलफेक करायची तर निदान स्वतःच्या तोंडानं जबाबदारी घ्यायची. ती म्हणाली, "बरा आहे की कायदा. आमच्याकडं शिव्या देणारा वेगळा आणि निवडून येणारा वेगळा." आणि मग नेहमीचं, की मतदानाच्या आधी दोन दिवस तरी हे थांबतं का, आमच्याकडं थांबतं. म्हणलं नाही आई, इथं शेवटच्या मिनिटापर्यंत चालू. तिनं टीव्ही म्यूट केला आणि शेंगा सोलायला घेतल्या.

२००८ सोपं होतं. मी नुकताच सिटिझन झालेलो, पहिलंच मत, समोर ओबामा, त्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कमधली ती गर्दी टीव्हीवर बघून आमच्या घरातही नाही म्हणलं तरी डोळे पाणावले होते. होप, चेंज, सगळं. तेव्हा तो माणूस म्हणजे एक कोरा कागद होता आणि ज्यानं त्यानं त्यावर आपल्या मनातलं लिहून घेतलं. चार वर्षांनी तोच माणूस पुन्हा मत मागायला येतो तेव्हा गोष्ट वेगळी होते, म्हणजे पुण्यात शिकताना मेसच्या डब्याचं व्हायचं तसं, आमटी पातळ आहे हे तर कळलंय, पोळ्या मात्र वेळेवर येतात, आता बंद करून कोपऱ्यावरच्या त्या दुसऱ्या काकूंचा लावायचा का, तर त्यांच्या आमटीची कुणाला खात्री. या वेळी डोळेबिळे पाणावत नाहीत, हिशोब चालू होतो.

आणि हिशोब म्हणलं की रेगनचं नाव येतंच. १९८० साली निवडणुकीला आठवडा राहिलेला, २८ ऑक्टोबर, तेव्हाचा प्रेसिडेंट कार्टर आणि त्याच्यासमोर उभा राहिलेला रेगन यांची डिबेट, आमच्याच ओहायोत, क्लीव्हलँडला. शेवटी रेगननं कॅमेऱ्याकडं बघून लोकांना विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का. बास. महागाई दोन आकड्यांत, इराणमध्ये ओलीस अडकलेले, कार्टर काय उत्तर देणार. तेव्हापासून सिटिंग प्रेसिडेंट पुन्हा उभा राहिला की हाच प्रश्न बाहेर काढतात आणि तो इतका सरळ वाटतो की त्यात काही गडबड असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

आता हाच प्रश्न २०१२ ला लावून बघा. ओबामानं जानेवारी २००९ मध्ये शपथ घेतली तेव्हा देशातली बेरोजगारी ७.८ टक्के. ऑक्टोबर २००९ मध्ये ती १० टक्क्यांवर गेली. आणि निवडणुकीच्या तोंडावर, सप्टेंबर २०१२ चा आकडा आला तो किती, तर पुन्हा ७.८. म्हणजे चार वर्षं वर जाऊन खाली येऊन गाडी बरोबर त्याच स्टॉपवर. एका बाजूचे म्हणणार बघा काही झालं नाही, दुसऱ्या बाजूचे म्हणणार बघा कुठून खाली आणलं, आणि दोघंही आकडा खराच सांगतायत. रेगनच्या काळातही १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ पर्यंत गेली होती, पण १९८४ ला ती ७.२ वर आली आणि खाली खालीच चाललेली होती, तर पठ्ठ्या पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकला. म्हणजे आकडा किती यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय हे लोक बघतात, आणि ते पण चारही वर्षांचं नाही, शेवटच्या वर्षभराचं. आपल्याकडंही रस्ते निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यातच होतात ते काय उगाच नाही.

माझा स्वतःचा हिशोब सांगतो. २००९ च्या सुरुवातीला माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव नको, पण मीटिंग रूममध्ये बोलावून एक जाडजूड पाकीट हातात दिलं आणि बॅज काढून घेतला, आमच्या अख्ख्या मजल्याचं असंच झालं. बायकोची तेव्हा पार्ट टाइम नोकरी, तिला इन्शुरन्स नाही. आणि पोरगा साडेतीन वर्षांचा, दम्याचा त्रास, थंडी पडली की नेब्युलायझर. अमेरिकेत नोकरी गेली की पगारापेक्षा आधी इन्शुरन्सची धास्ती वाटते हे इथं राहिल्याशिवाय कळत नाही. कोब्रा म्हणून एक व्यवस्था आहे, जुन्या कंपनीचाच प्लॅन चालू ठेवता येतो पण हप्ता सगळा आपण भरायचा, आणि तो हप्ता बघून बायको म्हणाली की हा साप बरोबर नाव ठेवलाय. बाहेर वेगळी पॉलिसी घ्यावी म्हणून फोन केले तर पोराचा दमा ऐकला की पलीकडची बाई एकदम गोड आवाजात सॉरी म्हणायची.

मग फेब्रुवारीत मंदीतून बाहेर काढायला ओबामानं आणलेलं ते ७८७ अब्ज डॉलरचं रिकव्हरी अ‍ॅक्टचं बिल पास झालं आणि त्यात, कुठंतरी आत, अशी तरतूद होती की ज्यांची नोकरी गेलीय त्यांच्या कोब्रा हप्त्यातला ६५ टक्के भाग सरकार उचलणार. आम्हाला एक पत्र आलं, नव्या हप्त्याचा आकडा. मी सुटकेचा श्वास टाकला, चेक लिहिला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ओबामाचं नाव डोक्यातसुद्धा आलं नाही. ते पत्र आलं होतं जुन्या कंपनीच्या बेनिफिट्सवाल्यांकडून, त्यांच्याच लेटरहेडवर, म्हणून त्यांचेच मनातल्या मनात आभार मानले. म्हणजे ज्यांनी काढून टाकलं त्यांचे!

हे एकट्या माझं नव्हतं. त्याच कायद्यात नोकरदारांना करसवलत होती, एकट्याला ४०० डॉलर, नवराबायकोला मिळून ८००, पण ती चेकनं न देता पगारातून कापला जाणारा टॅक्स थोडा कमी करून दिली, म्हणजे दर पगाराला आठ-दहा-पंधरा डॉलर जास्त. अर्थतज्ज्ञांचं म्हणणं असं की एकरकमी चेक दिला तर लोक बँकेत ठेवतात आणि थोडे थोडे दिले तर खर्च करतात, आणि खर्च व्हायलाच तर हवे होते. अर्थशास्त्र म्हणून बरोबर असेल, पण बहुतेकांना आपला टॅक्स कमी झालाय हे कळलंच नाही, उलट ओबामानं टॅक्स वाढवले असं छातीठोकपणे सांगणारे मला पॉटलकला भेटलेत. त्याच्या आदल्याच वर्षी बुशनं टपालानं घरोघरी चेक पाठवले होते, ते मात्र सगळ्यांच्या लक्षात.

आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. टोलेडोला जीपच्या प्लांटमध्ये आयुष्य गेलेलं, रिटायर होऊन मुलीजवळ राहायला म्हणून कोलंबसच्या आमच्या सबर्बमध्ये आलेले, धाकटा भाऊ अजून प्लांटमध्येच. २००८ ला त्यांनी ओबामासमोरच्या मॅकेनला मत दिलेलं, आणि हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं होतं, स्नो ब्लोअर बंद करून, मुद्दाम. ओबामाकेअर, म्हणजे त्याचा आरोग्य विम्याचा कायदा, आवडत नाही, बंदुकीबद्दल ओबामाचं बोलणं आवडत नाही, तो बोलताना हनुवटी वर करतो ते तर अजिबातच आवडत नाही. पण २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये पानं गोळा करता करता मी विचारलं या वेळी काय, तर म्हणाले, "अजून बघतोय." त्यांच्या तोंडून "बघतोय" हेच खूप होतं.

कारण गाड्या. २००९ च्या एप्रिलअखेर क्रायस्लर दिवाळखोरीत गेली, १ जूनला जनरल मोटर्स, आणि सरकारनं पैसे घालून दोघींना उभं केलं. जीप क्रायस्लरची. प्रचारात सांगायचे की ओहायोतल्या दर आठ नोकऱ्यांपैकी एक गाड्यांच्या धंद्यावर चालते. आणि समोर उभा कोण तर मिट रॉमनी, ज्याचा नोव्हेंबर २००८ मध्ये पेपरात लेख आलेला, मथळा, डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या. गंमत अशी की तो मथळा रॉमनीचा नव्हताच, पेपरवाल्यांनी दिलेला, आणि आत त्यानं लिहिलं होतं की कोर्टामार्फत रीतसर दिवाळखोरी करून कंपन्या सुधारा, जे पुढं जवळपास तसंच झालं. दुसरी गंमत, गाडी कंपन्यांना पहिलं १७.४ अब्जांचं कर्ज दिलं ते बुशनं, डिसेंबर २००८ मध्ये, खुर्ची सोडता सोडता. आणि तिसरी, ओहायोचा गव्हर्नर जॉन केसिक रिपब्लिकन, तो सगळ्यांना सांगत फिरायचा की आमच्या राज्यात बेरोजगारी देशापेक्षा कमी झालीय बघा, सातच्या आसपास आलीय, आणि त्याच स्टेजवर रॉमनी येऊन सांगायचा की ओबामानं वाटोळं केलंय. दोघं एकाच पक्षाचे! काम बुशनं सुरू केलं, ओबामानं पुरं केलं, पाटी केसिकनं लावली, आणि रॉमनीच्या वाट्याला आला दुसऱ्यानं दिलेला मथळा.

शेवटी शेवटी रॉमनीच्या लोकांनी एक जाहिरात काढली, त्यात असं सूचित केलेलं की जीपचं प्रॉडक्शन आता चीनला चाललंय. क्रायस्लरच्या मुख्याधिकाऱ्यानं, सर्जिओ मार्किओनेनं, कामगारांना ईमेल लिहून सांगितलं की असं काहीही नाही. पण टोलेडोत तोपर्यंत लोक युनियनला फोन करून विचारत होते की आपली नोकरी राहणार ना. आजोबांच्या भावानं पण केला. आजोबा मला म्हणाले, "टॅक्सबद्दल खोटं बोल, चालतं. नोकरीबद्दल खोटं बोलून माणसाची झोप उडवायची नाही." बघतोय संपलं ते त्या दिवशी, असं माझं मत.

इकडं आमच्या महाराष्ट्र मंडळात वेगळंच रामायण. दिवाळी होती १३ नोव्हेंबरला, निवडणूक ६ ला, त्यामुळे फराळ आणि फाटाफूट एकदमच. एका मित्राची आयटी स्टाफिंगची छोटी कंपनी, तो ओबामावर भयंकर भडकलेला. कारण काय तर जाहिरात. रॉमनी बेसूर आवाजात देशभक्तीपर गाणं म्हणतोय आणि स्क्रीनवर येतंय की याच्या कंपन्यांनी नोकऱ्या मेक्सिको आणि चीनला पाठवल्या, गव्हर्नर असताना यानं नोकऱ्या इंडियाला पाठवल्या. "म्हणजे आपण शिवी झालो का रे?" असं तो चकलीचा सोऱ्या हातात घेऊन विचारत होता. चूक नव्हतं त्याचं. २००९ मध्येच ओबामा बोलून बसलेला की बंगलोरमध्ये नोकरी दिली तर कमी टॅक्स आणि न्यूयॉर्कच्या बफेलोमध्ये दिली तर जास्त, हे बंद करणार, आणि २०१० मध्ये आमच्या ओहायोच्या डेमोक्रॅट गव्हर्नरनं सरकारी कामाचं परदेशी आउटसोर्सिंगच बंद केलं. आम्ही सगळे आयटीवाले, आमचे भाऊ-बहिणी हिंजवडीत नाहीतर मगरपट्ट्यात, आणि टीव्हीवर इंडिया हा शब्द फक्त वाईट वाटावं म्हणून येतोय. तरी त्या मित्राच्या बायकोनं, ती इथं हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, बेसन भाजता भाजता सांगितलं की तुझी कंपनी काय ते बघ, माझ्याकडं इन्शुरन्स संपला म्हणून औषध अर्ध करून खाणारे पेशंट येतात, मी ओबामालाच देणार. घरातल्या घरात दोन मतं कटाप. पुढं एक्झिट पोलमध्ये आलं की एशियन मतदारांपैकी ७३ टक्के ओबामाकडं गेले, म्हणजे जाहिरातीचा राग बऱ्याच जणांनी गिळला.

३ ऑक्टोबरच्या डेन्व्हर डिबेटचं काय सांगू. ओबामा खाली मान घालून वहीत काहीतरी लिहितोय आणि रॉमनी एकदम तरतरीत. आई म्हणाली, "ह्याला बरं नाही वाटतं." नंतरच्या दोन डिबेट त्यानं सावरल्या, पण त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हा हरू शकतो, आणि त्याहून विचित्र म्हणजे हरला तर आपल्याला कितपत वाईट वाटेल हे मला नक्की सांगता येईना. ग्वांटानामोचा तुरुंग बंद करतो म्हणाला, नाही केला. वॉल स्ट्रीटवाल्यांना तुरुंगात कोण गेलं? ड्रोन तर वाढलेच. माझ्याकडची यादी काही लहान नव्हती.

मग सँडी वादळ आलं. २९ ऑक्टोबर, सोमवार रात्र, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर. तिथल्या एडिसनला आमचे अर्धे नातेवाईक आणि कॉलेजचे निम्मे मित्र, कुणाकडं लाइट नाही, कुणी गाडीत बसून फोन चार्ज करतोय, पेट्रोलला लाइनी. बुधवारी ओबामा तिथं गेला आणि रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टीबरोबर फिरला, ज्या क्रिस्टीनं दोनच महिन्यांपूर्वी रॉमनीच्या अधिवेशनात मुख्य भाषण केलेलं, तोच आता ओबामाचं तोंड भरून कौतुक करतोय. आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. आमच्या सांगलीला २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी गावात शिरलेलं, आमच्याही घरात चार पायऱ्या बुडल्या होत्या, आणि तेव्हापासून कुठल्याही पुढाऱ्याला तिची एकच परीक्षा, पुरात आला होता का, आणि आला तर खाली उतरला का वरनंच बघून गेला. म्हणलं आई, त्याच महिन्यात इथं कॅटरिना वादळ आलं होतं आणि बुशचा विमानाच्या खिडकीतनं खाली बघतानाचा फोटो आला, तो त्याला जन्मभर चिकटला. ती म्हणाली, "चिकटणारच की. हा उतरलाय बघ. त्या बाईला जवळ घेतलं. द्या याला." संपला विषय. बेरोजगारी नाही, ओबामाकेअर नाही, काही नाही.

मी हसलो होतो तेव्हा, पण नंतर एके ठिकाणी वाचलं ते मजेशीर आहे. याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर १९१६ च्या जुलैमध्ये शार्कनं चार माणसं मारली होती, आणि त्याच वर्षी प्रेसिडेंट वुड्रो विल्सन पुन्हा उभा होता. दोन अमेरिकन प्राध्यापकांनी जुने आकडे काढून दावा केला की किनाऱ्यावरच्या त्या भागात विल्सनची मतं घटली, शार्कचा राग लोकांनी प्रेसिडेंटवर काढला. पुढं दुसऱ्या दोघांनी ते आकडे तपासून म्हणलं की असं काही सिद्ध होत नाही. खरं काय ते त्यांचं त्यांना माहीत, पण दुष्काळ पडला की सरकार पडतं हे आपल्याकडं कुणाला प्राध्यापकानं सांगावं लागत नाही.

मी मत आधीच देऊन आलो, ओहायोत अर्ली व्होटिंग असतं, काउंटीत एकच सेंटर त्यामुळे भलीमोठी रांग. आईला बरोबर नेलं होतं, तिला रांग बघूनच बरं वाटलं. आत मशीनवर प्रेसिडेंट एका टिचकीत संपतो आणि मग सुरू होते यादी, सेनेटर, काँग्रेसमन, जज, काउंटीचा कोण कोण, राज्यघटनेच्या दुरुस्त्या, शाळेसाठी टॅक्स वाढवायचा का. प्रेसिडेंटच्या नावावर माझं बोट एक क्षण थांबलं, खोटं नाही सांगत, आणि तेव्हा डोक्यात आलं ते ग्रँट पार्क नाही आणि बिन लादेन पण नाही. आलं ते फोनवरचं ते गोड सॉरी. ओबामाकेअरमुळं सप्टेंबर २०१० पासून लहान मुलांना आधीच्या आजारावरून इन्शुरन्स नाकारता येत नव्हता, आणि २०१४ पासून मोठ्यांनाही नाकारता येणार नव्हता, आणि रॉमनी म्हणत होता की पहिल्या दिवसापासून तो कायदा मोडीत काढायला सुरुवात करतो. मत दिलं. बाहेर आल्यावर आईनं माझं बोट बघितलं, शाई नाही. "मग परत येऊन दिलं तर कळणार कसं?"

६ तारखेच्या रात्री अकरा वाजून गेल्यावर ओहायो ओबामाला गेलं आणि तिथंच निकाल लागला. फॉक्स न्यूजवर बुशचा जुना सल्लागार कार्ल रोव्ह आपल्याच चॅनलचा निकाल मानायला तयार नाही, मग अँकर बाई कॅमेरा घेऊन कॉरिडॉरमधून चालत आकडेमोड करणाऱ्यांच्या खोलीत गेली आणि त्यांना विचारून आली, असला सीन परत बघायला मिळायचा नाही. इलेक्टोरल मतं ३३२ विरुद्ध २०६. ओहायोत फरक तीनच टक्के. देशभरात २००८ पेक्षा जवळपास ३६ लाख मतं कमी पडली त्याला, पण पुरली. आणि रूझवेल्टनंतर इतक्या बेरोजगारीत कुठलाही प्रेसिडेंट परत निवडून आला नव्हता, तो विक्रमही मोडला.

त्या एक्झिट पोलमधला एक आकडा माझ्या डोक्यात बसलाय. लोकांना विचारलं होतं की आजच्या आर्थिक अडचणींना जास्त जबाबदार कोण, तर ५३ टक्के म्हणाले बुश आणि ३८ टक्के म्हणाले ओबामा. बुशला जाऊन चार वर्षं झालेली! मला विचाराल तर २०१२ ची निवडणूक या एका प्रश्नात मिटली. रेगनचा प्रश्न अर्धाच आहे. चार वर्षांपूर्वीपेक्षा बरं चाललंय का, हे लोक बघतात, पण बरं नसेल तर खापर कुणावर फोडायचं हे ते वेगळं ठरवतात, आणि बऱ्याचदा ते आधी ठरलेलं असतं.

याचा पुरावा मला आमच्याच राज्यात मिळाला. ईशान्य ओहायोत यंगस्टाउनजवळ लॉर्ड्सटाउन म्हणून गाव आहे, तिथं जनरल मोटर्सचा प्रचंड मोठा प्लांट. २००९ मध्ये वाचला, शेवरले क्रूझ तिथंच बनायची, आणि २०१२ ला त्या भागानं ओबामाला भरभरून मतं दिली. इथपर्यंत हिशोब चोख. २०१६ ला ती लॉर्ड्सटाउनवाली ट्रंबल काउंटी ट्रम्पकडं गेली, ठीक आहे, नवा माणूस. जुलै २०१७ मध्ये ट्रम्पनं यंगस्टाउनच्या सभेत सांगितलं की नोकऱ्या परत येतायत, घरं विकू नका. मार्च २०१९ मध्ये प्लांट बंद. शेवटची क्रूझ लाइनवरून उतरली आणि संपलं. आता रेगनच्या प्रश्नानं बघितलं तर २०२० मध्ये तिथं सिटिंग प्रेसिडेंटचं पानिपत व्हायला हवं होतं. झालं काय, तर ट्रंबलमध्ये ट्रम्पची मतं वाढली, आणि शेजारची माहोनिंग काउंटी, जी १९७२ मधल्या निक्सननंतर कुठल्याच रिपब्लिकनला गेली नव्हती, ती पण त्याला गेली. ओहायो त्यानं आठ टक्क्यांनी घेतलं, पण देशात हरला. आमचं फुकटचं महत्त्व संपलं ते त्या दिवशी.

आजोबांना मी तेव्हा विचारलं होतं, कोव्हिडचे दिवस, कुंपणाच्या दोन बाजूंना लांब लांब उभं राहून. म्हणलं प्लांट तर याच्याच काळात गेला ना. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बेसबॉलचे नियम विचारतोय. "प्लांट जनरल मोटर्सनं बंद केला. यानं निदान त्यांना शिव्या तरी दिल्या." ट्रम्पनं खरंच दिल्या होत्या, कंपनीच्या बॉसला आणि युनियनच्या माणसालाही, ट्विटरवर. २०१२ ला ओबामानं नोकरी वाचवली म्हणून मत, २०२० ला यानं वाचवली नाही पण आपल्या बाजूनं भांडला म्हणून मत. मला पटत नाही. पण हा माणूस खुळा नाही, टॅक्सचे कागद स्वतः भरतो, आणि ज्या भावाची नोकरी वाचली त्या भावाला जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यातला फरकही नीट कळतो. फक्त दोघांच्याही बाबतीत खापर कुठं फोडायचं ते त्यांनी आपल्या मनानं ठरवलं, मला विचारून नाही.

श्रेयाचा धडा मात्र एका पुढाऱ्यानं तरी नीट घेतला. २०२० च्या मदतीच्या चेकवर ट्रम्पनं स्वतःचं नाव छापून घेतलं. २०२१ मध्ये बायडननं १४०० डॉलर पाठवले, नाव न छापता, आणि आमच्या ऑफिसात आजही अशी मंडळी आहेत ज्यांना ते सगळे चेक एकाच माणसानं पाठवले असं वाटतं. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली तेव्हा मात्र बायडनचं नाव कुठं छापायची गरज पडली नाही, पेट्रोलपंपावर लोक त्याच्या बोट दाखवतानाच्या फोटोचे स्टिकर चिकटवून जायचे, हे मी केलं म्हणून. पुढं २०२४ च्या जुलैमध्ये तो उमेदवारीतून बाजूलाच झाला, आणि त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिसला टीव्हीवर विचारलं की तुम्ही बायडनपेक्षा वेगळं काय केलं असतं, तर तिला चटकन काही आठवेना. झालं. खुर्चीत दुसराच, आणि खापर हिच्या डोक्यावर.

आमचा पोरगा २०२४ ला पहिल्यांदा मत द्यायला गेला. नेब्युलायझर केव्हाच माळ्यावर गेलाय, उंच झालाय, उन्हाळ्यात फुटबॉल खेळतो. जायच्या आधी वाद घालत बसला होता की दोन्ही पक्ष सारखेच, कुणीच काही करत नाही. मी त्याला त्या फोनवाल्या बाईचं सांगितलं, की तुझ्या दम्यामुळं आपल्याला पॉलिसी नाकारायचे, तर तो म्हणाला, असं कसं नाकारतील, ते इल्लीगल आहे. म्हणलं तेव्हा नव्हतं. तर म्हणे, बाबा, ओके, पण घराचं भाडं कोण कमी करणार ते सांग.

आईला फोनवर हे सांगितलं. २०१९ ला सांगलीत २००५ पेक्षा मोठा पूर आला, आमच्या सगळ्या पायऱ्या बुडून पाणी बैठकीत आलं, आणि त्या वेळी बोट घेऊन कोण आलं, कोण नाही, याची तिची नवी यादी तयार आहे. जुनी तिनं फेकून दिली का विचारलं तर म्हणाली, "फेकायची कशाला? दोन्ही आहेत."